दिव्यांग लेखकांना पाठबळ म्हणजे नेमकं काय? कायदा, मराठी पुस्तकं आणि पनवेलसारख्या शहराची जबाबदारी

दरवर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन साजरा होतो. गावोगावी कार्यक्रम होतात. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक फोटो. सत्कारमूर्तींमध्ये कधी एखादे कवी असतात, कधी एखादी कथालेखिका. निवेदक त्यांच्या जिद्दीबद्दल भरभरून बोलतो. त्यांच्या पुस्तकाचं नाव घ्यायचं मात्र बऱ्याचदा राहून जातं.

दिव्यांग लेखकांना मदत करणं हा कौतुकाचा किंवा दयेचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो भारतात कायद्याचा विषय आहे. देशाच्या कायद्यात 'दिव्यांग लेखक' असा थेट उल्लेख आहे आणि त्यांना पाठबळ देण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही टाकलेली आहे. म्हणजे पनवेलमध्ये ही जबाबदारी पनवेल महानगरपालिकेपर्यंत येते.

हा कायदा काय सांगतो, मराठीत अशा लेखनाची परंपरा किती जुनी आहे आणि एखाद्या शहराला, वाचनालयाला किंवा साध्या वाचकाला नेमकं काय करता येतं, हे समजून घेऊया.

कायद्यात नेमकं काय लिहिलं आहे?

कायद्याचं नाव आहे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. संसदेने तो डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली १ ऑक्टोबर २०१६ रोजी. म्हणजे रायगड जिल्ह्यातली ही पहिली महापालिका आणि हा कायदा जवळपास एकाच वयाचे आहेत.

या कायद्याचं कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे. दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवन जगता यावं, यासाठी सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणांनी उपाय करायचे आहेत, असं हे कलम म्हणतं. त्या उपायांच्या यादीतला अगदी पहिला मुद्दा दिव्यांग कलाकार आणि लेखकांचा आहे. त्यांना आपली आवड आणि प्रतिभा जोपासता यावी यासाठी सुविधा, पाठबळ आणि प्रायोजकत्व द्यावं, असं तिथे म्हटलं आहे.

सुविधा, पाठबळ, प्रायोजकत्व. हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत, कारण यातल्या कशाचीच पूर्तता नुसत्या सत्काराने होत नाही.

ही कल्पना आली कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातून. भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी स्वीकारला. त्याचं कलम ३० सांगतं की, दिव्यांग व्यक्तींच्या सर्जनशीलतेचा विकास त्यांच्या स्वतःच्या फायद्यासाठी तर व्हावाच, पण त्यातून समाजही समृद्ध होतो. सोप्या शब्दांत सांगायचं तर, एखादी चांगली कादंबरी लिहिली गेली नाही, तर नुकसान फक्त ती लिहू न शकलेल्या माणसाचं होत नाही. वाचकांचंही होतं.

दिव्यांग लेखक म्हणजे नेमके कोण?

दिव्यांग म्हटलं की डोळ्यांसमोर व्हीलचेअर किंवा पांढरी काठी येते. कायद्याची यादी मात्र २१ प्रकारांची आहे. त्यात अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष आणि चलनवलनातील अडचणी आहेतच. शिवाय सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मानसिक आजार, पार्किन्सन्स, थॅलेसेमिया, अॅसिड हल्ल्याने आलेलं अपंगत्व आणि डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहेत.

या यादीत कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तीही येतात. पनवेलकरांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन याच तालुक्यात, नेरे इथे आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. तेव्हा मोजणी फक्त आठ प्रकारांत झाली होती, हे लक्षात घेतलं तर प्रत्यक्षातला आकडा मोठा असणार.

शब्दाबद्दलही थोडं. जुन्या मराठीत 'अपंग' हा शब्द सर्रास वापरला जायचा. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि नंतर तो सरकारी कामकाजात रुळला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. अपंग हक्कांच्या चळवळीतल्या अनेकांना मात्र हा शब्द पटत नाही. 'आमच्या शरीरात दैवी काही नाही, आम्हाला रॅम्प द्या,' असा त्यांचा साधारण सूर असतो. त्यामुळे एखाद्या लेखकाची ओळख करून देताना त्यांना कोणता शब्द चालतो, हे त्यांनाच विचारणं सगळ्यात बरं.

मराठीत ही परंपरा किती जुनी आहे?

बरीच जुनी. दोन उदाहरणं पाहूया.

पहिलं उदाहरण विदर्भातलं. गुलाबराव महाराजांचा जन्म १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झाला. काही महिन्यांचे असतानाच त्यांची दृष्टी गेली. १९१५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. एवढ्या छोट्या आयुष्यात त्यांनी शंभराहून जास्त लहान-मोठे ग्रंथ रचले. त्यात भक्ती आहे, तत्त्वज्ञान आहे, आयुर्वेद आणि संगीतही आहे. मराठीबरोबर संस्कृतातही त्यांनी लेखन केलं. लोकांनी त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हटलं.

हे लेखन झालं कसं? ग्रंथ कुणीतरी वाचून दाखवायचं, महाराज ऐकायचे आणि ते सांगतील ते कुणीतरी लिहून घ्यायचं. त्यांच्या असामान्य स्मरणशक्तीबद्दल खूप बोललं जातं आणि ते योग्यच आहे. पण वाचून दाखवणारे आणि लिहून घेणारे हात नसते, तर ते ग्रंथ आपल्यापर्यंत आलेच नसते.

दुसरं उदाहरण नाशिकचं. गोविंद त्र्यंबक दरेकर म्हणजे स्वातंत्र्यशाहीर कवी गोविंद. जन्म १८७४, मृत्यू १९२६. ते पायांनी अधू होते. सुरुवातीला लावण्या रचणारे गोविंद सावरकर बंधूंच्या 'मित्रमेळ्या'त आले आणि स्वातंत्र्याची कवनं लिहू लागले. त्यांना चालता येत नव्हतं, पण त्यांची पदं मेळ्यातल्या तरुणांच्या तोंडी गावभर फिरायची.

ब्रिटिश सरकारने या कवितांची किती धास्ती घेतली, याचा पुरावा कोर्टाच्या निकालात आहे. गोविंदांच्या कविता पुस्तिकेत छापून प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप झाली आणि त्यांना अंदमानला पाठवण्यात आलं. कवीचे शब्द छापल्याबद्दल प्रकाशकाने काळं पाणी भोगलं.

आज कवी गोविंदांची आठवण स्वातंत्र्यशाहीर म्हणूनच होते. त्यांच्या पायांचा उल्लेख चरित्रात येतो, पण कवितेचं मोल त्यावरून ठरत नाही. लेखकाचा खरा सन्मान कसा असतो, याचा हा जुना नमुना म्हणता येईल.

'चाकाची खुर्ची' ते साहित्य अकादमी

आता अलीकडच्या काळात येऊया. आणि त्यासाठी कोल्हापूरला जावं लागतं.

नसीमा हुरजूक यांचा जन्म १९५० चा. किशोरवयात त्यांच्या कमरेखालच्या शरीराची हालचाल थांबली. पुढे व्हीलचेअरवरून आयुष्य जगणाऱ्या बाबूकाका दिवाण यांची भेट झाली आणि त्यांना दिशा मिळाली. त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मराठीत खूप वाचलं गेलं. व्हीलचेअरवरच्या बाईचं रोजचं जगणं, घरातले प्रसंग, नोकरीतल्या अडचणी आणि संस्थेची धडपड तिने स्वतःच्या शब्दांत सांगणं, हे मराठी वाचकांसाठी नवं होतं.

याच संस्थेत काही वर्षं राहिल्या सोनाली नवांगुळ. त्या मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याच्या. नऊ वर्षांच्या असताना अंगावर बैलगाडी पडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. २००७ मध्ये संस्थेतून बाहेर पडून त्या कोल्हापुरात एकट्या, स्वतंत्रपणे राहू लागल्या. त्यांनी स्तंभलेखन केलं, मुलांसाठी लिहिलं, अनुवाद केले.

२०२० साठीचा साहित्य अकादमीचा मराठी अनुवाद पुरस्कार त्यांना मिळाला. पुस्तक होतं 'मध्यरात्रीनंतरचे तास'. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीचा हा अनुवाद.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सलमा यांना वयात आल्यावर शाळेतून काढून घरात बसवण्यात आलं होतं. लग्नानंतरही त्यांना घरच्यांपासून लपून, टोपणनावाने लिहावं लागलं. त्यांच्या कादंबरीत घराच्या चार भिंतींत अडकवलेल्या मुस्लिम बायकांचं जग आहे. ते जग मराठीत आणलं एका अशा लेखिकेने, जिच्यासाठी एक उंबरठा किंवा तीन पायऱ्या म्हणजेसुद्धा भिंतच असते. आणि पुरस्कार मिळाला तो अनुवादाला. स्पर्धेत वेगळा 'दिव्यांग विभाग' नव्हता.

मुंबईतून इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं काय?

पनवेलहून लोकलने जाता येईल अशा मुंबईशी जोडलेले तीन इंग्रजी लेखकही या विषयात महत्त्वाचे आहेत.

वेद मेहता यांचा जन्म १९३४ मध्ये लाहोरमध्ये झाला. चौथं वर्ष पूर्ण होण्याआधीच मेंदुज्वराने त्यांची दृष्टी गेली. वडिलांनी त्यांना शिकण्यासाठी थेट मुंबईला, दादरच्या अंधशाळेत पाठवलं. या शाळेतल्या दिवसांवर त्यांनी 'वेदी' हे पुस्तक लिहिलं. पुढे अमेरिकेत 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकासाठी त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ लेखन केलं. ते मजकूर तोंडी सांगत आणि लेखनिक टिपून घेत. आपल्याला 'अंध लेखक' म्हणून ओळखलं जाऊ नये, याबाबत ते विशेषतः सुरुवातीच्या काळात फार आग्रही होते.

फिरदौस कांगा यांची 'ट्राइंग टू ग्रो' ही कादंबरी १९९० ची. हाडं अतिशय ठिसूळ असण्याचा आजार असलेला पारशी मुलगा तिच्या केंद्रस्थानी आहे. कांगा यांना स्वतःलाही हाच आजार आहे. कादंबरी मात्र रडकी नाही. ती खट्याळ आहे, आणि प्रेम व शरीराबद्दल मोकळेपणाने बोलते.

मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी एका बोटाने टाइप करत आत्मकथन लिहिलं आणि पुस्तकाचं नावही 'वन लिटल फिंगर' असंच ठेवलं. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. मालिनी यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली होती.

या सगळ्यांच्या गोष्टीत एक समान धागा आहे. कुठे लेखनिक होता, कुठे जोखीम घेणारा प्रकाशक, कुठे शाळा, कुठे व्हीलचेअर फिरेल असं घर. प्रतिभा लेखकाची होती. तिला कागदापर्यंत पोहोचवणारी सोय कुणीतरी केलेली होती. कायद्यातल्या 'सुविधा' या शब्दाचा अर्थ हाच.

'प्रेरणादायी' म्हटलं तर काय बिघडलं?

कौतुक करणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. अडचण वेगळी आहे. पुस्तकाबद्दल बोलताना सगळा भर लेखकाच्या शरीरावर गेला की पुस्तक वाचलंच जात नाही. परीक्षणात भाषा, पात्रं, रचना, विनोद यांच्याबद्दल एक ओळही येत नाही. 'एवढ्या अडचणी असूनही लिहिलं' हेच वाक्य फिरून फिरून येतं.

याचा दुसरा तोटा असा की अशा लेखकाकडून फक्त आत्मचरित्राचीच अपेक्षा केली जाते. त्याने रहस्यकथा लिहिली, राजकारणावर लिहिलं किंवा विनोदी लिहिलं तर संयोजकांना काय करावं ते कळत नाही.

तिसरा तोटा लेखनाच्या दर्जाचा. कच्च्या कवितेलाही नुसतीच वाहवा मिळत राहिली, तर कवीला सुधारायची संधी मिळत नाही. कडक आणि प्रामाणिक संपादन हा प्रत्येक लेखकाचा हक्क आहे. दिव्यांग लेखकाचाही.

लिहिण्याआधी वाचायचं कसं?

लेखक घडतो वाचनातून. म्हणून पहिला प्रश्न येतो की, ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही त्यांनी मराठी वाचायचं कसं?

एक मार्ग ब्रेलचा. फ्रान्सच्या लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली लिपी प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांच्या ६३ रचनांवर ती चालते. भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' वापरली जाते आणि मराठी त्यातच लिहिली जाते. मराठीत स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं. ब्रेलची मर्यादा अशी की एका साध्या कादंबरीचे अनेक जाडजूड खंड होतात. छपाई महाग पडते आणि ठेवायला जागा लागते.

दुसरा मार्ग ध्वनिपुस्तकांचा आणि ई-पुस्तकांचा. २४ ऑगस्ट २०१६ रोजी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींना त्यातून अनेक भारतीय भाषांतली पुस्तकं मिळतात.

मग कॉपीराइटचं काय? इथेही कायदा वाचकाच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये तशी स्पष्ट सवलत आली. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं ब्रेल, ध्वनी किंवा इतर सुलभ स्वरूप तयार करणं हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. अट अशी की वापर अशाच व्यक्तींसाठी असावा, आणि संस्थेने हे काम नफ्यासाठी करू नये. याच विषयावरचा मराकेश करार २०१३ मध्ये झाला. जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला.

मराठी पुस्तकांची फॉन्टची अडचण काय आहे?

हा मुद्दा तांत्रिक वाटतो, पण मराठीपुरता तो फार महत्त्वाचा आहे.

दृष्टिहीन व्यक्ती संगणक किंवा मोबाइल वापरतात ते स्क्रीन रीडरच्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर वाचून दाखवतं. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतं. संगणकासाठी 'एनव्हीडीए' मोफत मिळतं आणि ते मराठी वाचतं. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली होती.

पण स्क्रीन रीडरला मराठी कळण्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये असावा लागतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो. मराठी छपाईच्या जगात मात्र वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे जुने फॉन्ट वापरले गेले. त्यात डोळ्यांना 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. स्क्रीन रीडर तेच वाचतो. परिणामी सुबक छापलेल्या मराठी कादंबरीची पीडीएफ दृष्टिहीन वाचकाला अर्थहीन बडबड म्हणून ऐकू येते. पानांचे फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमध्ये तर वाचायला मजकूरच नसतो.

यावरचा उपाय साधा आहे. प्रकाशकाने पुस्तकाची एक युनिकोड प्रत जपून ठेवायची. संपादकाने दृष्टिहीन लेखकाला प्रूफ पाठवताना कागद किंवा स्कॅन न पाठवता युनिकोड फाइल पाठवायची. एवढं केलं तर लेखकाला स्वतःच्या पुस्तकाची प्रूफं स्वतः तपासता येतात.

लिहिण्यासाठी कोणती साधनं आहेत?

ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये बोलून टाइप करण्याची सोय आणली. ज्यांचे हात चालत नाहीत किंवा ज्यांना दिसत नाही, अशांना त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र विरामचिन्हं, जोडाक्षरं, नावं आणि बोलीभाषा यांत चुका होतात. ज्यांचं बोलणं अस्पष्ट आहे, त्यांचा आवाज सॉफ्टवेअरला नीट कळतही नाही.

म्हणून लेखनिकाची गरज संपलेली नाही. लेखनिक म्हणून मदत करायची असेल तर दोन नियम पाळायचे. सांगितलं तेच लिहायचं, स्वतःची भर घालायची नाही. आणि लिहिलेलं पुन्हा वाचून दाखवायचं.

डिस्लेक्सिया असलेल्या लेखकांचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांच्या हस्तलिखितात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका जास्त असू शकतात. शुद्धलेखन मुद्रितशोधक सुधारू शकतो. पहिल्या पानावरच्या चार वेलांट्या पाहून हस्तलिखित परत पाठवलं, तर एखादी चांगली कथा हातातून जाते.

कर्णबधिर लेखकांपैकी अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. लिखित मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा ठरते. त्यांच्या वाक्यरचनेकडे संपादकाने त्या नजरेने पाहायला हवं.

पनवेलमध्ये काय करता येईल?

समजा, पनवेलमध्ये एका दिव्यांग लेखिकेच्या पुस्तकाचं प्रकाशन आहे. कुठून सुरुवात करायची?

जागा. व्हीलचेअरसाठी रॅम्पचा उतार एकास बारा असावा, हे प्रमाण सर्वत्र वापरलं जातं. म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांब उतार. तीन फूट उंच रंगमंचासाठी छत्तीस फूट लागतील. बहुतेक सभागृहांत तेवढी जागा नसते. मग चार माणसांनी खुर्चीसकट लेखिकेला उचलून वर नेलं जातं. तिच्यासाठी हा अनुभव अवघडल्यासारखा असतो आणि धोक्याचाही. सोपा मार्ग म्हणजे कार्यक्रम रंगमंचाखाली, प्रेक्षकांच्या पातळीवर घ्यायचा आणि सगळ्याच पाहुण्यांना तिथे बसवायचं.

इमारत. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्ये संपली. आपल्या शहरातलं नाट्यगृह, वाचनालय, समाजमंदिर यांची स्थिती काय आहे, हे कोणताही नागरिक माहितीच्या अधिकारात विचारू शकतो. विचारताना स्वच्छतागृहाबद्दलही विचारावं. रॅम्प असतो, पण स्वच्छतागृहाचं दार अरुंद असतं आणि त्यामुळे अनेक जणी कार्यक्रमाला येणंच टाळतात.

पैसे. लेखकाला मानधन द्यायचं. सोबत मदतनीस येणार असेल तर त्याचा प्रवासखर्चही धरायचा. 'तुम्हाला व्यासपीठ दिलं' हे मानधन होत नाही.

महापालिका. राज्य सरकारच्या आदेशांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचे असतात. हा पैसा कोणत्या बाबींवर खर्च करता येतो, हे ठरलेलं असतं. लेखनासाठीची साधनं, स्क्रीन रीडर असलेला संगणक, ब्रेल छपाई किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषा यासाठी त्यातून तरतूद होऊ शकते का, हा प्रश्न लेखी विचारता येतो. अर्जात कलम २९ चा उल्लेख करावा. त्यात स्थानिक प्राधिकरण आणि लेखक असे दोन्ही शब्द आहेत.

वाचनालय. तळमजल्यावर एक टेबल, एक संगणक, त्यावर मोफत एनव्हीडीए आणि हेडफोन. एवढ्यावर सुरुवात होते. आठवड्यातून एक तास वाचून दाखवणारे स्वयंसेवक मिळाले तर आणखी चांगलं. दिव्यांग लेखकांची पुस्तकं मात्र वेगळ्या कपाटात लावू नयेत. कविता कवितांमध्ये आणि कादंबरी कादंबऱ्यांमध्येच असावी.

नवे लेखक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देतं. ही योजना सगळ्यांसाठी आहे, त्यामुळे दिव्यांग लेखकांनाही अर्ज करता येतो. सरकारी सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागतं. साहित्यिक पुरस्कारासाठी किंवा मासिकात छापून येण्यासाठी मात्र अशा कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नसते.

साहित्य मंडळं. कविसंमेलनाच्या निमंत्रण पत्रिकेत एक ओळ घालता येते: 'आपल्याला काही सोय हवी असल्यास आधी कळवावे', आणि खाली फोन नंबर. पत्रिका फोटो म्हणून पाठवली तर सोबत तोच मजकूर टाइप करूनही पाठवावा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना तो वाचता येईल.

सामान्य वाचकाने काय करायचं?

सगळ्यात मोठं पाठबळ वाचकाचं असतं. पुस्तक विकत घ्यायचं, वाचायचं आणि आवडलं नाही तर तसंही सांगायचं. वाचनालयात ते नसेल तर मागणी नोंदवायची. शाळेच्या किंवा सोसायटीच्या कार्यक्रमाला अशा लेखकांना ३ डिसेंबरपुरतं न बोलावता वाचन प्रेरणा दिनाला, मराठी भाषा गौरव दिनालाही बोलवायचं. आणि ओळख करून देताना सुरुवात त्यांच्या पुस्तकाच्या नावापासून करायची.

गुलाबराव महाराजांसाठी कुणीतरी लिहून घेतलं. कवी गोविंदांसाठी कुणीतरी छापलं. त्या काळी या गोष्टी शिष्यांच्या आणि मित्रांच्या भरवशावर झाल्या. आज त्यासाठी कायदा आहे, मोफत सॉफ्टवेअर आहे आणि निधीचीही तरतूद आहे. पुढच्या ३ डिसेंबरच्या कार्यक्रमाची तयारी करणाऱ्यांनी शाल आणण्याआधी रंगमंचाच्या पायऱ्या मोजून घेतल्या, तरी सुरुवात चांगली होईल.